पेवाच्या तोंडावरची हाक

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला मांत्रिकांचे पत्ते पाठवायला नकोत. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही... कधीच नव्हता. या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर आवडीने वाचते आणि निम्म्या लोकांना मनातल्या मनात ‘जरा झोप पूर्ण करा’ असा सल्ला देते. तरी आज स्वतःच लिहायला बसले आहे. आमचे हे म्हणाले, तू लिहीत नसशील तर मी लिहितो. त्यांनी लिहिलं असतं तर त्यात माझ्यापेक्षा त्यांचाच पराक्रम जास्त आला असता, म्हणून घाईने वही काढली.

मी हरिपूरची. सांगलीला खेटून असलेलं, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. आमच्या गावची ओळख म्हणजे पेवं. ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं हळदीचं कोठार. वर तोंड एवढंसं, एक माणूस कसाबसा उतरेल इतकं, आणि खाली वीस-पंचवीस फूट खोल, रांजणासारखं फुगत गेलेलं. आत हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवायची, कडा मातीने लिंपून टाकायच्या. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही, कारण आत हवाच नसते. आणि हवा नसते म्हणूनच आत उतरणारा माणूस जीव मुठीत धरून उतरतो.

माझे वडील, म्हणजे दादा, पेवात उतरणारे होते. व्यापारी नव्हे, हमालही नव्हे. पेव केव्हा उघडायचं, किती वेळ वारं खेळू द्यायचं, माणूस केव्हा सोडायचा, हे सगळं दादांच्या शब्दावर चालायचं. फरशी काढली की आधी दोराला बांधून पेटता कंदील खाली सोडायचे. कंदील विझला, की माणूस उतरायचा नाही. मग मालक कितीही घाई करो, बाहेर ट्रक भरायला थांबलेला असो. दादांच्या हाताखाली एकही माणूस पेवात दगावला नाही, ही गोष्ट ते स्वतः कधी बोलायचे नाहीत. मी मात्र ओळख झाल्याबरोबर सगळ्यांना सांगते, तशी तुम्हालाही सांगितली.

पेवांचं गाव म्हटल्यावर भुताच्या गोष्टींना तोटा नव्हता. अमक्या पेवात बाई ओढते, तमक्यात पाय धरतात. दादा त्यावर एवढंच म्हणायचे, “पेवात भूत नसतंय गं. वारं नसतंय.” अशा माणसाच्या घरात मी वाढले.

आता त्यांची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माणूस आत असेपर्यंत दादा पेवाच्या तोंडाशी पालथे झोपून थोड्या थोड्या वेळाने त्याचं नाव घेऊन हाक मारायचे. “बाबू, हाय काऽ?” आतल्याने ‘हाय’ म्हणायचं. नुसता हुंकार दिलेला चालायचा नाही. झोपेतसुद्धा माणूस हुंकारतो, असं त्यांचं म्हणणं. शब्द पाहिजे. पहिल्या हाकेला ओ आली नाही तर दुसरी हाक. दुसरीलाही नाही आली, की तिसरी हाक नाही... दादा स्वतः कमरेला दोर बांधून खाली.

मी दहा वर्षांची असताना पेवाच्या तळाशी राहिलेली हळकुंडं वेचायला त्यांनी मला सोडलं होतं. अंगाने हलकी होते आणि हट्टही माझाच होता. वरून हाक आली, “शालू, हाय काऽ?” मला गंमत सुचली. ओ दिलीच नाही. दुसरी हाक आली, तरी तोंड दाबून हसत बसले. पुढच्या क्षणी वरचा उजेड गेला आणि दादा दोरावरून घसरतच माझ्या पुढ्यात उतरले. तळहात सोलून रक्त आलं होतं. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. त्यांनी मारलं नाही, रागावलेही नाहीत. हळदीवर बसून नुसते दम खात राहिले आणि मग म्हणाले, “हाक मारली की ओ द्यायची, पोरी. जीव गेला तरी ओ द्यायची.”

एकाहत्तर साली माझं लग्न झालं. सासर साताऱ्याकडचं, कोरेगावच्या अलीकडे. सासरे फौजेतले निवृत्त सुभेदार, त्यामुळे घरात सगळं शिस्तीत... झोपणं, जेवणं आणि अपमानसुद्धा. लग्नात कोणीतरी ‘पेवातला माणूस व्याही झाला’ म्हणून हसलं होतं, ते माझ्या कानावर आलंच. आमचे हे फिटर. लग्नाआधी चार-पाच वर्षं इंग्लंडात, बर्मिंगहॅमला कारखान्यात होते. लग्नानंतर महिन्याभरात परत गेले आणि माझे कागद व्हायला वर्ष गेलं.

बहात्तरच्या नोव्हेंबरात मी निघाले. मिरज स्टेशनवर दादा आले होते. हातात रुमालात बांधलेली हळकुंडं, आमच्याच पेवातली. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे रडायचं कामही त्यांच्याकडेच होतं, पण ते काही रडले नाहीत. गाडी हलायच्या आधी एवढंच म्हणाले, “तिकडं कोण गं हाक मारणार तुला?” मी म्हटलं, दादा, तिकडे माणसं राहतात, जंगल नाही ते. आणि खिडकीतून हसून हात हलवला.

पण तिथे गेल्यावर कळलं, त्यांनी विचारलेला प्रश्नच खरा होता. तिकडे कोणी कोणाला हाकच मारत नाही. हरिपुरात सकाळी डोळे उघडायच्या आधी चार घरांतून चार नावं ऐकू यायची. बर्मिंगहॅमला दारावर टकटक करतात, तीही हलक्या हाताने, आणि दार उघडलं की सॉरी म्हणतात. एका सरदारजींच्या तिमजली घरात पहिल्या मजल्यावरची एक खोली आम्हाला भाड्याने मिळाली होती. वरच्या मजल्यावर मिसेस केली नावाच्या एक आयरिश म्हाताऱ्या बाई राहायच्या. हे सकाळी सहाला कामावर जायचे. मग दिवसभर मी, खिडकी आणि समोरच्या एकसारख्या विटांच्या घरांची रांग. पहिले दोन महिने मी स्वतःशीच मोठ्याने बोलायचे, आवाज जाऊ नये म्हणून.

पण रडत बसणाऱ्यातली मी नव्हे. तिसऱ्या महिन्यात बसचे नंबर पाठ झाले. नळाचं गरम आणि गार पाणी वेगवेगळ्या तोट्यांतून येतं, त्याचा मेळ बसवला. धुण्याच्या दुकानात मशीन कसं लावायचं ते मिसेस केलींकडून शिकले आणि बदल्यात त्यांना पिठलं करायला शिकवलं, ते त्यांना जन्मात आलं नाही. ज्वारी मिळायची नाही, म्हणून जाड्या भरड्या गव्हाच्या पिठाच्या दशम्या करायला लागले. घरून आणलेलं कांदा-लसणीचं तिखट संपलं तेव्हा स्वतः पाट्याशिवाय तिखट केलं. धुराने सरदारजींच्या सगळ्या घराला ठसका लागला होता. दुकानात बोटाएवढ्या बाटलीत हळदीची पूड विकायला ठेवलेली पाहिली, तेव्हा तर मी तिथेच हसत सुटले. आमच्या गावच्या एका पेवात ते सगळं दुकान मावलं असतं.

एक गोष्ट मात्र खुपायची. ह्यांच्या कारखान्यातली आपली माणसं रविवारी घरी यायची. माझे वडील काय करतात असं कोणी विचारलं, की हे पटकन सांगायचे, “सासरे हळदीचे व्यापारी आहेत, सांगलीला.” मी चहा ओतता ओतता ऐकायचे. एकदा पाहुणे गेल्यावर विचारलंच, खरं सांगायला काय झालं? हे म्हणाले, अगं, पेव म्हणजे काय ते कोणाला समजणार, उगीच लांबण. मी दोन दिवस बोलले नाही. एका खोलीत दोन दिवस न बोलता राहणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

त्र्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये आमची मंगल झाली. आणि मग हिवाळा आला. आदल्या हिवाळ्यात मी एकटी होते, दोन स्वेटर घालून भागलं. आता तान्हं मूल होतं. खोलीत रॉकेलवर चालणारा हीटर होता, पण खिडकीच्या फटींतून असा वारा यायचा, की एका अंगाला ऊब आणि दुसऱ्या अंगाला काकडा. मंगलला खोकला झाला. तेव्हा मी ठरवलं, ह्या खोलीला हरिपूरचा हात दाखवायचा.

लहानपणी पेवाच्या फरशीच्या कडा लिंपायचं काम माझ्याकडे असायचं. मी लिंपलेल्या पेवात मुंगी शिरायची नाही, असं दादा चार लोकांत सांगायचे. तर मी कणकेची खळ शिजवली. वर्तमानपत्राच्या पट्ट्या काढून खिडकीची एकूण एक फट दोन-दोन थरांत बंद केली. जुन्या शेकोटीचं धुराडं होतं, त्याच्या तोंडावर पुठ्ठा लावून कडा लिंपल्या. दाराच्या खाली जुन्या लुगड्याची घट्ट वळकटी केली. ह्यांनी घरी आल्यावर हात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, कारखान्यात असतीस तर फोरमन झाली असतीस. मला काय अभिमान वाटला... आज लिहितानाही लाज वाटते, पण वाटला होता. पेवात उतरणाऱ्याच्या मुलीने राहत्या खोलीचं पेव केलं होतं, आणि तिला ते कळलं नव्हतं.

चौऱ्याहत्तरचा जानेवारी. मंगळवार होता. हे सकाळी गेले. मी मंगलला पाजून पलंगावर निजवलं आणि देवापुढे निरांजन लावलं. हीटर पहाटेपासून चालूच होता. नऊ-साडेनऊला माझं डोकं जड व्हायला लागलं. वाटलं, रात्री मूल उठवतं, झोप झाली नाही, त्याचंच हे. खाली बसले. निरांजनाकडे लक्ष गेलं तर ज्योत मण्याएवढी झालेली. मनात आलं, तूप थंडीने गोठलं असेल. आयुष्यभर ज्याने विझणारा कंदील बघून माणसांचा जीव वाचवला, त्याची मुलगी समोर ज्योत मरताना बघत होती आणि तुपाला दोष देत होती. पलंगाला टेकून मी डोळे मिटले.

मग हाक आली.

“शालू, हाय काऽ?”

आवाज दारातून आला नाही, खिडकीतूनही नाही. वरून आला. छताच्या मधोमध, बल्ब लटकत होता तिथून. पेवाच्या तळाशी बसल्यावर जसा यायचा तसा, थोडा घुमलेला, शेवट लांबवलेला. आणि खरं सांगते, मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. दादा वर आहेत, मी खाली आहे, हळकुंडं वेचायची राहिली आहेत... इतकं साधं वाटत होतं. ओ द्यायला तोंड उघडलं. शब्द फुटेना. जीभ टाळ्याला चिकटून बसली होती. म्हटलं, जाऊ दे, थोड्या वेळाने देऊ.

“शालू, हाय काऽऽ?”

ही दुसरी. तिच्यात धार होती. आणि तेव्हा मी घाबरले, माझ्यासाठी नव्हे. दुसरी हाक गेली, आता दादा उतरणार. आत वारं नाही, दिवा मरतोय, आणि ते माझ्यासाठी तसेच दोरावरून घसरत येणार. सोललेले तळहात मला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसले. मी पुन्हा ओ द्यायचा प्रयत्न केला. सगळा जीव गळ्यात आणला. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. कुजबुजसुद्धा नाही. हे मला पक्कं आठवतं, कारण त्या क्षणी मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली होती. म्हटलं, बोलता येत नसेल तर वर जायला पाहिजे, त्यांनी उतरायच्या आत.

मंगलला ओढून छातीशी घेतलं. तिची मान लुळी पडली होती. उभं राहता येईना, म्हणून एका हाताने आणि गुडघ्यांनी सरपटत दारापर्यंत गेले. दार उघडेना, माझीच वळकटी आड आलेली. ती कशी उपसली ते आठवत नाही. दार उघडलं, जिन्यावरचा गार वारा तोंडावर आला आणि मी तिथेच आडवी झाले. मंगल आधी खोकली, मग रडली. तिचं रडणं ऐकून मिसेस केली खाली आल्या. शुद्ध हरपायच्या आधी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मला दिसलं होतं. अकरा वाजले होते.

आम्हा दोघींना ॲम्ब्युलन्समधून नेलं. मंगल दुसऱ्या दिवशी दुपारी हातपाय मारायला लागली, मला तीन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, बंद खोलीत हीटरने हवा खाल्ली आणि विषारी वायू साठला, अजून पाव तास गेला असता तर दोघीही वाचल्या नसत्या. मग त्यांनी ह्यांना विचारलं, अशा वेळी माणसाला उठायचंही भान राहत नाही, तुमच्या बायकोला दाराकडे जायचं कसं सुचलं?

हे इंग्रजीत म्हणाले, तिचे वडील जमिनीखाली खड्ड्यात उतरायचं काम करतात. वारं नाही तिथे कसं वागायचं, ते तिला लहानपणी त्यांनी शिकवलंय. त्यांच्यासारखा माणूस आमच्या सगळ्या जिल्ह्यात नाही. मला तेवढं इंग्रजी तोवर येत होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात व्यापारी सासरे कोणी ऐकले नाहीत.

हाकेचं मी फक्त ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, डोक्याला हवा मिळाली नाही, की असे भास होतात, डॉक्टरसुद्धा तेच म्हणतील. मलाही पटलं. खरोखर पटलं. हरिपूरला मात्र काही कळवायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. दादा एकटे, उगीच घोर लागायचा. मी घरी आल्यावर नेहमीसारखं पत्र टाकलं, सगळं छान आहे, मंगलला दोन दात येताहेत.

माझं पत्र तिकडे पोचायच्या आत दादांचं निळं एरोग्राम आलं. दादांना लिहिता येत नव्हतं, गावचे पोस्टमन लिहून द्यायचे. एरवी पत्रात सगळ्या गावाची खुशाली असायची. ह्या पत्रात चार ओळी होत्या. त्या अजून माझ्यापाशी आहेत.

“चि. शालनला अनेक आशीर्वाद. आज मंगळवारी तू कुठल्या पेवात उतरली होतीस ते कळवणे. ओ मिळाली, परंतु फार उशिरा मिळाली. पुन्हा असे करू नये.”

वर तारीख त्याच मंगळवारची होती.

मी ते पत्र किती वेळा वाचलं असेल... ह्यांनी तारखेवर बोट ठेवून दाखवलं. पण मला तारखेपेक्षा दुसरंच टोचत होतं. ओ मिळाली? मी तर ओ दिलीच नव्हती. देताच आली नव्हती. हे कोणालाही, अगदी ह्यांनाही सांगितलेलं नव्हतं, कारण मला त्याची शरम वाटायची. दादांना उलट पत्रात मी एवढंच लिहिलं, की आता बरी आहे, पेव उघडलंय. त्यांनीही पुढे काही विचारलं नाही.

शहाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही सुट्टीवर आलो. तोवर मी बर्मिंगहॅमला एका शिवणाच्या कारखान्यात लागले होते, स्वतःच्या घराचं दार स्वतःच्या किल्लीने उघडत होते. आधी कोरेगावला गेलो. सुभेदारसाहेबांनी नातीला सॅल्यूट ठोकायला शिकवलं. मग हरिपूर. दादा वाकले होते, पण काम सुटलं नव्हतं. त्यांच्याबरोबर बाबूचाचा होते. चाचा म्हणजे दादांचे चाळीस वर्षांचे जोडीदार. एक आत उतरणार, दुसरा दोर धरणार, असा दोघांचा संसार. मी चहा दिला तशी चाचांनी माझ्याकडे बघत सांगायला सुरुवात केली.

“तू गेल्यापास्नं ह्याचं एक खूळ झालतं. पेवाची फरशी काढली की वाकायचं आन् तुला हाक मारायची. एकदाच. आमी हसायचो. लय वेळा म्हटलं, आरं गड्या, पोरगी इमानानं गेली, भुईतनं न्हवं.”

दादा जमिनीकडे बघत होते. चाचा पुढे सांगत राहिले. त्या मंगळवारी साडेचारच्या सुमाराला, उन्हं कलताना, त्यांनी एक जुनं पेव उघडलं होतं. रिकामं, तीन वर्षं बंद. कंदील सोडला तर निम्म्यातच विझला. म्हणून सगळे बाजूला बसले होते. दादा सवयीने वाकले आणि मला हाक मारली. एरवी हाक मारून उठायचे. त्या दिवशी उठले नाहीत. कान लावून पडून राहिले. मग दुसरी हाक मारली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पोरगी ओ देत न्हाई, म्हणाले, आणि कमरेला दोर बांधायला लागले.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. साडेचार म्हणजे तिकडचे अकरा.

“कंदील विझल्यालं पेव,” चाचा म्हणाले. “त्येला मी धरला, आणखी दोघांनी धरला. आयकंना. एक पाय आत घातला हुता. तेवढ्यात खालनं ओ आली. ‘हाय.’ बाईमाणसाचा आवाज. आमी चौघांनी आयकला. घुमल्याला म्हणावा, तर हाक मारल्याली तीच परत आली असती ना? ही ओ हुती. मग त्यानं पाय वर घेतला आन् मातीत बसून ल्हान पोरागत रडला.”

म्हणजे ती ओ आली नसती, तर दादा उतरले असते. मी कपबशी खाली ठेवली. तीन वर्षं पोटात ठेवलेलं तेव्हा बोलून टाकलं. “दादा, मी ओ दिली न्हवती. मला देताच आली न्हाई. तोंडातनं शब्दच फुटला न्हाई.”

दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोच हळदीने रापलेला हात. म्हणाले, “तिथं फुटला नसंल. हितं फुटला.”

त्यांना त्यात काही विचित्र वाटलंच नाही. मुलीला ओ द्यायला शिकवली होती, मुलीने ती दिली. कुठून दिली हा प्रश्न त्यांना पडला नाही. मला मात्र तो अजून पडलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी हट्टाने आम्हाला पेवावर नेलं. कंदील सोडला, तो छान जळत राहिला. मग त्या वयात स्वतः खाली उतरले आणि चाचांना सांगून ठेवलं, हाक नात मारेल. बर्मिंगहॅमची तीन वर्षांची मंगल, लाल कोट घालून पेवाच्या तोंडाशी पालथी पडली. पाय ह्यांनी धरले होते. तिला दोनदा शिकवावं लागलं, मग तिने जोरात विचारलं, “आज्जा, हाय काऽ?” आणि खालून, अगदी खोलातून, दादांची ओ आली. हे मागे वळून कोरेगावहून बरोबर आलेल्या चुलतभावाला सांगत होते, “हे माझे सासरे.”

दादा जाऊन आता कैक वर्षं झाली. ते पेव पुराच्या पाण्यात बुजलं. आम्ही निवृत्तीनंतर साताऱ्यात फ्लॅट घेतला, आणि त्याच्या खिडक्या मी कधीही पूर्ण लावू देत नाही. हवा न मिळाल्याने मला भास झाला, हे मी मान्य करते. पण मोकळ्या हवेत बसलेल्या चार धडधाकट माणसांना हरिपुरात जे ऐकू आलं, ते काय होतं?

आमचे हे आता थोडे बहिरे झालेत. पलीकडच्या खोलीतून सारखे हाका मारतात, शालन, आहेस का? मी हातातलं काम सोडून मोठ्याने ‘हाय’ म्हणते. हुंकार देत नाही. आणि म्हणताना गळ्याला हात लावून बघते, आवाज निघतोय ना.